भरतीच्या वेळेवर: हर्णै ते रत्नागिरी

(हर्णै बंदर. उजाडतंय. पाण्यात उभ्या बैलगाड्या.)

आज मार्गशीर्ष पौर्णिमा. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसभराचा प्रवास आखायचा तर आधी तिथी बघायची. जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे आज पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमाराला, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमी असती तर आठ पाऊणे सहा. हिशोब ढोबळ आहे, पण या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर होड्या सुटल्या आहेत. आजचा आपला रस्ताही त्याच हिशोबाने जाणार आहे. हर्णैहून निघायचं, दोन खाड्या ओलांडायच्या आणि संध्याकाळी रत्नागिरी गाठायची.

या बैलगाड्या बघा. मोठ्या बोटी इथे काठाला लागत नाहीत, खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात. रात्रभराची मासळी आधी लहान होडीत उतरते, होडीतून गाडीत आणि गाडीतून वाळूवर. बैल छातीपर्यंत पाण्यात जातात. लाट आली की गाडीवान कासरा सैल सोडतो, बैल स्वतःच लाटेकडे तोंड करतात. वाळूवर पाट्या ओतल्या की लिलाव सुरू. पापलेट आणि सुरमईचे वाटे वेगळे, बांगडा वेगळा, कोळंबी वेगळी. भाव बायकाच ठरवतात, आणि झटपट ठरवतात.

(आवाज तसाच ठेवावा. निवेदन नाही.)

मागे पाण्यात दिसतोय तो सुवर्णदुर्ग. 1755 साली इंग्रज आरमार आणि पेशवे यांनी मिळून तो मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. मराठ्यांच्या आरमाराची ताकद आपल्याच माणसांच्या मदतीने मोडली गेली, ती जागा ही. 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात सुवर्णदुर्गही आहे.

(रस्ता. मुरूड, कर्दे.)

हर्णै सोडलं की रस्ता आगरांमधून जातो. एका हाताला नारळ-पोफळी, दुसऱ्या हाताला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेली बुटकी भिंत, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे जायचं, आणि बहुतेक वेळा ते आपण. हे मुरूड गाव महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं बालपण या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, गेलं. वयाच्या शंभराव्या वर्षी, 1958 साली, त्यांना भारतरत्न मिळालं.

लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी गावं मागे पडतात. दर वळणावर समुद्र दिसतो आणि लपतो. आपल्याला मात्र भरतीच्या आत खाडी ओलांडायची आहे.

(दाभोळ. जेटीचा उतार, रांगेतल्या गाड्या.)

हे दाभोळ. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरला आणि परतीच्या प्रवासाला याच बंदरातून गलबतात बसला. आदिलशाहीत इथून घोड्यांचा आणि कापडाचा व्यापार चाले. काठावरची घुमटाची मशीद त्या भरभराटीची आहे.

आता त्याच पाण्यावर ही फेरीबोट चालते. इथली माणसं हिला जंगलजेटी म्हणतात. ती कशी चालते ते नीट बघण्यासारखं आहे. तळ सपाट, म्हणून ती थेट उताराला टेकते. पुढची लोखंडी फळी साखळीने खाली येते आणि उतारावर पडते. गाड्या उलट्या चढवायच्या, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. खलाशी हाताने खुणा करतो, ड्रायव्हरने आरशात न बघता त्याच्याकडेच बघायचं. आधी जड वाहन मध्यभागी, मग दोन्ही बाजूंना लहान गाड्या, आणि फटींमध्ये दुचाकी. वजन एका अंगाला गेलं तर बोट कलते, म्हणून जागा खलाशी ठरवतो, आपण नाही. पाणी चढतं तसा उताराचा कोरडा भाग आखूड होतो. ओहोटीला तोच उतार लांबतो, खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो आणि चाकं फिरतात. त्यामुळे बोट लावणाऱ्याला दर खेपेला पाण्याची नवी पातळी ओळखून टेकायचं असतं. त्यात नदीचा ओढ समुद्राकडे, भरतीचा जोर आत. म्हणून बोट समोरच्या जेटीवर नाक धरून निघत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी निघते आणि पाणी तिला आपोआप जागेवर आणतं.

(खाडीच्या मध्यावरून. टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची मुलं, एक वासरू.)

ही फेरी 2003 साली सुरू झाली. त्याआधी गाडीने दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायचं तर चिपळूणवरून मोठा वळसा होता. आज दोन्ही काठांची सोयरीक, बाजार, कॉलेज सगळं या बोटीवर चालतं. प्रवासी वर उभे राहून फोटो काढतात, आणि खाली टोपलीपाशी बसलेल्या बायका बोट टेकायच्या आधीच उठून उभ्या राहतात.

(गुहागर: किनाऱ्याचं एकच दृश्य.)

गुहागरचा सरळसोट किनारा, सुरूची बनं आणि व्याडेश्वराचं देऊळ. इथे रमायला एक वेगळा दिवस हवा. आपण हेदवीला निघालो आहोत, घड्याळात साडेदहा वाजून गेलेत.

(हेदवी. बामणघळ.)

सव्वाअकरा. उमामहेश्वराच्या देवळामागचा हा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. थंड होताना त्याला भेगा पडल्या. त्यातल्या एका भेगेत समुद्राने लाखो वर्षं पाणी घुसवलं आणि ती रुंदावून ही घळ झाली. तोंडाशी मोठी, आत निमुळती. ओहोटीला इथे काही नसतं, नुसती कोरडी फट. भरतीला लाट आत शिरते, पुढे जागा उरत नाही, मागून दुसरी लाट रेटते, आणि सगळं पाणी एकदम वर उसळतं.

(तीन लाटा पूर्ण. निवेदन नाही.)

कातळ निसरडा आहे, काठावर जाऊ नका. आम्हीही मागूनच चित्रण केलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा जोर असा दिसत नाही.

हेदवीतून वर आलो की सडा लागतो. जांभ्याचं उघडं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरणारं, आत्ता गवत वाळून पिवळं पडलेलं. गुरं इथेच चरतात, आणि पावसाचं पाणी इथूनच मुरून खालच्या विहिरींना मिळतं. जागोजागी चिरेखाणी, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड कापायच्या खाणी, झाल्या आहेत.

(तवसाळ. दुसरी फेरी.)

सडा उतरून तवसाळ. समोर शास्त्री नदीची खाडी आणि पलीकडे जयगडचा किल्ला. ही फेरी दाभोळपेक्षा शांत, थोडं थांबावं लागतं. थांबावं. दुपारी पाणी उतरायला लागलं की खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि तिवराच्या मुळ्या वर येतात. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळांची टोकं वर काढून श्वास घेतं. या मुळ्यांमध्ये कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. सकाळी हर्णैच्या वाळूवर विकली गेलेली कोळंबी अशाच एखाद्या खाडीत मोठी होऊन समुद्रात गेली असेल.

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल उभारण्याचं काम हाती घेतलं आहे. दाभोळ आणि जयगड दोन्ही त्यात आहेत. रुग्णाला रात्री-अपरात्री पलीकडे नेता येईल, वेळ वाचेल.

(जयगड, मालगुंड. धावती दृश्यं.)

जयगडचं बंदर आणि वीजप्रकल्पाच्या चिमण्या डावीकडे-उजवीकडे जातात. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात, त्यांचं हे जन्मगाव. गणपतीपुळ्याला पौर्णिमेची गर्दी होती, आत चित्रण नाही.

(आरे-वारे. संध्याकाळ. पाणी दूर गेलेलं.)

आरे-वारेच्या चढावर रस्ता समुद्राच्या अगदी वर येतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली दोन लांब किनारे. सगळ्या गाड्या इथे थांबतात. पण आज खाली उतरा, कारण पूर्ण ओहोटी आहे. सकाळी पाण्याखाली असलेला खडक आता उघडा पडलाय, आणि त्यावर या बायका वाकून कालवं काढतायत. कालव खडकाला एका शिंपेने घट्ट चिकटलेलं असतं. लोखंडी टोकाने वरची शिंप उचकटायची आणि आतलं मांस डब्यात टाकायचं. ठोका चुकला तर शिंप फुटून मांसात कच जाते. पाणी परत फिरायच्या आत डबा भरायचा असतो, आणि पाणी फिरलं हे त्यांना न बघता कळतं. सगळ्या एकदम उठल्या, बघा.

(रत्नागिरीकडे जाणारा रस्ता. शेवटची पाटी पडद्यावर.)

पूल होतील, व्हायलाही हवेत. आमचं म्हणणं एवढंच की त्यानंतर दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगडची फेरी बंद करू नये. पूल मोठ्या रस्त्याला जोडतो, जेटी गावाच्या पायथ्याला लागते. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला, सायकलवरच्या मुलाला आणि गाडी नसलेल्या प्रत्येकाला गावात उतरवणारी जेटीच हवी. दापोली, गुहागर आणि रत्नागिरी या तिन्ही तालुक्यांच्या ग्रामपंचायतींनी हे आत्ताच, पुलाचे खांब उभे राहायच्या आधी, लेखी मागावं.