लाटांतलं सोनं आणि पाण्यात चालणारा डिटेक्टर

श्रोतेहो, नमस्कार. कळंगुटला किंवा कोलव्याला पाण्यात मजा करताना बोटातली अंगठी गेली, की सोबतची चार माणसं पायांनी रेती उकरायला लागतात. आधी त्यांना थांबवा. सोनं रेतीपेक्षा सहा-सात पटींनी जड, त्यामुळे ढवळलेल्या रेतीत ते आणखी खाली जातं. जिथे आहात तिथून किनाऱ्याकडे बघा. एकामागे एक येणाऱ्या दोन खुणा धरा, पुढे शॅकचा खांब, मागे माड. वेळ लिहून ठेवा आणि पाणी ओसरायची वाट बघा. भरतीला छातीभर असलेलं पाणी उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला गुडघ्याखाली येतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस त्यासाठी उत्तम. मात्र आपल्याकडे दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात ज्या ओहोटीचा आकडा लहान ती पकडा, आणि तिच्या दीड-दोन तास आधी पाण्यात उतरा.

आता यंत्र, म्हणजे रेतीतला धातू आवाजाने दाखवणारा मेटल डिटेक्टर. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या बऱ्याच डिटेक्टरांत फक्त कॉइल, म्हणजे खालची चकती, पाणी सोसते. वरचा डबा भिजला की संपलं. लाटांत काम करायचं तर अख्खं यंत्र निदान ३ मीटर खोलीसाठी बनवलेलं हवं. हेडफोन वायरचे, तेही पाण्यात चालणारे घ्या. डबा पाण्याखाली गेला की ब्लूटूथ तुटतं.

खरी डोकेदुखी मिठाची. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून कॉइलला ते धातूसारखंच भासतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र ओल्या रेतीवर सतत कुरकुरतं. इथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं किंवा पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे तुटक ठोके सोडणारं, यंत्रच लागतं. पल्स यंत्र खोल जातं, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक धड सांगत नाही. बिअरच्या बाटल्यांची बुचं काढायची तयारी असेल तरच ते घ्या.

सगळ्यांत वाईट जागा म्हणजे लाट जिथे येऊन परत फिरते तो पट्टा. तिथे कॉइल एका क्षणी पाण्यात, दुसऱ्या क्षणी हवेत, आणि प्रत्येक बदलाला यंत्र ओरडतं. लोक वैतागून तिथूनच परततात. त्याऐवजी थोडं पुढे जा, कॉइल सतत बुडालेली राहील इतकं. यंत्र बीच मोडवर घाला, कॉइल पाण्यात स्थिर धरून नॉइज कॅन्सल करा, म्हणजे आसपासच्या विजेच्या उपकरणांचा त्रास गाळा. मग सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवा, कुरकुर थांबेपर्यंत. कॉइल रेतीला घासतच फिरवा, अगदी सावकाश. लाटेने ती वीतभर उचलली तर खोली गेलीच, वर खोटा आवाज.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणं, बंद ठेवा. बारीक सोनं आणि कॅनची अॅल्युमिनियमची कडी यंत्राच्या आकड्यांत जवळजवळ येतात. कडी गाळली तर अंगठीही गाळली जाईल. एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या (फेरिटिक) स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे लोखंडासारखी वाजतात. मंगळसूत्राचं काम आणखी अवघड. नाजूक साखळीची प्रत्येक कडी यंत्राला वेगळी वाटते, म्हणून साखळी जवळपास मुकी. वाजतात त्या वाट्या, त्याही हलक्या आवाजात. असा हलका, पण दोन्ही दिशांनी परत परत येणारा आवाज कधीही सोडू नका.

आवाज मिळाला की आडवी-उभी कॉइल फिरवून मध्य धरा आणि तिथे पायाचा अंगठा टेकवा. कॉइल बाजूला घ्या. लांब दांड्याचा स्टीलचा स्कूप, म्हणजे भोकांचं खोलगट फावडं, अंगठ्याच्या किंचित पुढे रोवा, टाचेने दाबा, दांडा मागे ओढा. पहिल्या घावात वस्तू आली की नाही ते खड्ड्यावर पुन्हा कॉइल फिरवून बघा. स्कूप हलवायचा तो पाण्याखालीच. भोकं मध्यम आकाराची बरी. फार बारीक भोकांतून रेती लवकर निघत नाही, मोठ्या भोकांतून कानातला खडा निघून जातो. दोन-तीन लाटांत खड्डा भरतो, तेव्हा चेंगटपणा नको. आमच्या मते महागड्या यंत्रासोबत स्वस्त, पातळ पत्र्याचा स्कूप घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तो पहिल्याच दिवशी वाकतो.

कंबरेपलीकडे जाऊ नका, समुद्राकडे पाठ करू नका. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एखादी शांत, गडद पट्टी दिसली तर तिथे ओढ असते. लाल बावटा असेल तर उतरूच नका. जून ते सप्टेंबर हा विषयच नको. पावसाळा रेती कापून नेतो आणि ऑक्टोबरपासून ती परत चढू लागते, म्हणून जीवरक्षकांनी परवानगी दिल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत चांगले. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या हंगामात खणू नका. किल्ल्यांच्या आसपासही यंत्र नको.

काम संपल्यावर यंत्र गोड्या पाण्यात बुडवून धुवा. कॉइलचं कव्हर काढा, आत अडकलेलं खारं पाणी आणि काळी रेती पुढच्या वेळी खोटा आवाज देते. दांड्याचे सांधे सुटे करा. बॅटरीचं झाकण किनाऱ्यावर उघडायचं नाही. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, रेतीचा एक कण बसला तरी पाणी शिरतं. आणि उन्हात गाडीत तापलेलं यंत्र तसंच समुद्रात घालू नका. आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. आधी अर्धा तास सावलीत ठेवा.