फॉस्फेट मागून तपासा

हाडं दुखतात म्हणून रुग्ण आला की आपण कॅल्शियम बघतो, ड जीवनसत्त्व बघतो. फॉस्फेट मात्र नेहमीच्या तपासण्यांत बहुधा नसतंच, ते वेगळं लिहावं लागतं. माझा सगळा आग्रह त्या एका ओळीसाठी आहे. ती लिहिली जात नाही आणि माणसं वर्षानुवर्षं संधिवाताची, मणक्याची, कधी तर मनाच्या आजाराची औषधं घेत राहतात.

हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक सोडतात. ते वाढलं की मूत्रपिंडं फॉस्फेट लघवीवाटे घालवतात आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूपही कमी बनवतात. हाडात खनिज भरत नाही. मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडं मऊ पडतात, बारीक तडे जातात. कॅल्शियम सहसा ठीक असतं, अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांच्या घडणीशी जोडलेलं विकर रक्तात वाढलेलं असतं.

आकडा वयाप्रमाणे वाचा. दर डेसिलिटर रक्तात २.८ मिलिग्रॅम हे फॉस्फेट प्रौढात चालेल, दोन वर्षांच्या मुलात ते नक्की कमी आहे. अहवालावर प्रौढांची मर्यादा छापलेली असली, तर हे मूल आपल्या हातून निसटतं! फॉस्फेट कमी दिसलं की उपाशीपोटी रक्त आणि लघवी एकाच वेळी घ्या. रक्तात कमी असताना मूत्रपिंडानं ते राखायला हवं; तरीही ते वाहून जात असेल, तर एफजीएफ-२३ मोजा. उपचार सुरू करण्याआधीच मोजा, कारण फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी एफजीएफ-२३ वाढतं. आणि फॉस्फेट कमी असताना ‘नॉर्मल’ आलेलं एफजीएफ-२३ही संशयास्पदच. शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का, हेही विचारा. काही प्रकारांनी हेच चित्र उभं राहतं.

लहानपणापासून पाय वाकलेले, उंची खुंटलेली, कीड नसताना दातांना गळू, असं असेल तर पीएचईएक्स जनुकातल्या बिघाडानं एफजीएफ-२३ वाढवणारा आजार आठवा. तो एक्स गुणसूत्रावरून येतो: बाधित वडिलांकडून सगळ्या मुलींना, मुलग्यांना नाही.

पण धडधाकट माणूस चाळिशीत लंगडू लागला, तर एफजीएफ-२३ सोडणारी गाठ शोधा. ती वाटाण्याएवढीही असू शकते, तळपायात किंवा जबड्यात लपलेली. हातांनी सगळं अंग चाचपा, मग गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन करा, त्यात अशी गाठ उजळून दिसते. गाठ पूर्ण निघाली की फॉस्फेट काही दिवसांत वर येतं. वैद्यकात इतका स्वच्छ इलाज क्वचितच हाती लागतो.

गाठ सापडत नसेल किंवा आजार जनुकीय असेल, तर फॉस्फेट दिवसातून अनेक वेळा विभागून आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे सक्रिय ड जीवनसत्त्व. एकटं फॉस्फेट देत राहिलात तर कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात. दोन्ही जास्त झाली तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. बुरोसुमॅब हे औषध थेट एफजीएफ-२३ अडवतं. अमेरिकेत त्याला जनुकीय आजारासाठी २०१८ मध्ये, गाठीच्या आजारासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते सुरू करण्याआधी फॉस्फेट आणि सक्रिय ड जीवनसत्त्व बंद करायचं, आणि पुढे फॉस्फेट मोजत राहून मात्रा ठरवायची.