बोधगया : चार अधिक चार अधिक कलेक्टर

(दृश्य : पहाट. महाबोधी महाविहाराचं दार, आत सरकणारी रांग.)

पहाटेचे पाच. बुद्धाला जिथं ज्ञान झालं, त्या महाबोधी महाविहाराचं दार उघडलं. पुढे तिबेटी लामा, मागे श्रीलंकेच्या उपासिका, त्यांच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या आपल्याकडच्या आयाबाया. नागपूर, अकोला, नांदेड. त्रिसरण सगळ्यांचं एकच, चाली वेगवेगळ्या. ऐका.

(वंदनेचा मूळ आवाज, वीस सेकंद. निवेदन नाही.)

(दृश्य : शिखर, पायथ्यापासून वर.)

उंची सुमारे १८० फूट. आज दिसतं ते रूप १८८०च्या दशकातल्या डागडुजीचं, ब्रिटिश पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या काळातलं. ताबा मात्र तेव्हा सोळाव्या शतकापासून इथं बस्तान बसवलेल्या शैव महंतांचा. १८९१ साली श्रीलंकेहून बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल आले. इथली अवस्था पाहून, विहार बौद्धांच्या हाती यावा म्हणून त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. १८९५ मध्ये जपानहून आलेली बुद्धमूर्ती ते वरच्या मजल्यावर बसवायला गेले, तर महंतांच्या माणसांनी ती उचलून बाहेर ठेवली. बुद्धाच्या विहारातून बुद्ध बाहेर! प्रकरण कोर्टात गेलं. १९३३ साली सारनाथला धर्मपालांचं निधन झालं, तेव्हाही ताबा महंतांकडेच होता.

(दृश्य : व्यवस्थापन समितीच्या कार्यालयाची पाटी.)

मग आला १९४९चा बोधगया मंदिर कायदा. समितीवर चार बौद्ध आणि चार हिंदू, त्यांत एक महंत. नववा माणूस अध्यक्ष : गयेचा जिल्हाधिकारी, पदसिद्ध. सदस्य नेमणार राज्य सरकार. जिल्हाधिकारी हिंदू नसेल, तर तेवढ्या काळापुरता सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमायचा, हेही कायद्यातच लिहिलेलं. ही अट निघायला २०१३ साल उजाडलं. चार-चारची वाटणी तशीच राहिली. जगभरातले बौद्ध जिथं डोकं टेकवतात, तिथल्या कारभारात बौद्धांना बहुमत नाही.

(दृश्य : आवारातलं पंचपांडव मंदिर. मूर्तींचे हात, जवळून.)

या मूर्ती बुद्धाच्या. वस्त्रं नेसवून त्यांना पाच पांडव म्हणून पुजतात. हातांच्या मुद्रा तेवढ्या पाहा.

(दृश्य : बोधगयेतलं दोमुहान. आंदोलनाचा मंडप, पंचशील ध्वज, निळे झेंडे.)

विहाराचा कारभार बौद्धांच्या हाती द्या, हा लढा. त्यात महाराष्ट्र आधीपासून आहे. १९९२ साली आंदोलन पेटवलं ते भन्ते सुरई ससाई यांनी. जन्म जपानचा, कर्मभूमी नागपूर. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू याच मागणीसाठी पुन्हा उपोषणाला बसले, महाविहाराच्या जवळच. महिनाअखेरीस पोलिसांनी रात्रीतून त्यांना हलवलं, म्हणून मंडप इथं दोमुहानला. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने कायद्याविरुद्धची एक याचिका ऐकली नाही, उच्च न्यायालयात जा म्हणून सांगितलं.

(घोषणांचा आवाज. मंडपातले चेहरे, एकेक करून.)