लाईन कुठून न्यायची, हे कुणी ठरवलं?

(दृश्य: विकास आराखड्याचा नकाशा. रस्त्यांच्या आणि आरक्षणांच्या रंगीत खुणा.)

निवेदन:
हरकत घेणं हा पुण्याचा जुना छंद. २०१३ साली महापालिकेनं जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आणि सूचना आल्या. कुणाचा आक्षेप पेठेतल्या रस्तारुंदीला, कुणाचा मैदानाच्या आरक्षणाला. वैतागलेल्या अधिकाऱ्यांनाही त्या दाखल करून घ्याव्या लागल्या, कारण १९६६ चा नगररचना कायदा तसं सांगतो. आधी आराखडा दाखवा, मग लोकांचं ऐका, मग ठरवा.

आता हाच पुणेकर नगर रस्त्यानं थोडा बाहेर जाऊ द्या. त्याच्या शेतावरून ४०० केव्हीची, म्हणजे अतिउच्च दाबाची वीज वाहून नेणारी लाईन जाणार असल्याचं त्याला कळतं. त्यानं हरकत कुठं नोंदवायची?

(दृश्य: वाघोलीच्या पुढे, लोणीकंदच्या दिशेनं रांगेत गेलेले मनोरे.)

निवेदन:
वीज कायदा, २००३. कलम ३९. राज्यातल्या पारेषण जाळ्याचं, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या लाईनच्या जाळ्याचं नियोजन कुणी करायचं, ते इथं लिहिलंय. महाराष्ट्रात ते काम महापारेषण या सरकारी कंपनीचं. हे नियोजन कुणाशी समन्वय साधून करायचं, त्याची यादीही याच कलमात आहे. केंद्रीय पारेषण कंपनी, राज्य सरकार, वीजनिर्मिती कंपन्या, प्रादेशिक वीज समित्या, केंद्रीय विद्युत प्राधिकरण, परवानाधारक. आणि शेवटी, सरकार अधिसूचना काढून ठरवील ती इतर कुणी व्यक्ती. यादीत ग्रामपंचायत नाही. गंमत म्हणजे महापालिकाही नाही.

धरण, खाण किंवा सिमेंटचा कारखाना यायचा असेल तर पर्यावरण मंजुरीच्या निमित्तानं जनसुनावणी होऊ शकते. पण कोणत्या प्रकल्पांना ही मंजुरी लागते, ते सांगणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात पारेषण लाईनच नाही. तिला ती मंजुरी लागत नाही, म्हणून ती सुनावणीही नाही.

मग गावाला कळतं कधी? मोजणीचं यंत्र घेऊन माणसं बांधावर उभी राहतात, तेव्हा.

(दृश्य: उसाच्या कडेला ठोकलेली लाल खुंटी.)

निवेदन:
इथून पुढचा कारभार चालतो तो १८८५ च्या तार कायद्यानं. तारायंत्र बंद होऊन वर्षं झाली, पण त्या कायद्यातले अधिकार वीज कायद्याच्या कलम १६४ खाली पारेषण कंपन्यांना देता येतात. कंपनी जमीन संपादित करत नाही, ती फक्त वापरते. सातबारा तुमचाच राहतो. कमीत कमी नुकसान करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची, असं बंधन आहे. तुम्ही अडवलंत तर प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे कलेक्टर कचेरीत. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांपुढे. थोडक्यात, अडथळ्यावर बोलायला एक दार आहे आणि पैशावर बोलायला दुसरं. लाईन दुसरीकडून न्या म्हणायची वेळ येईपर्यंत शेजारच्या गटात पाया भरून झालेला असतो.

(दृश्य: चाकणचे कारखाने, हिंजवडीतल्या काचेच्या इमारती, पाठोपाठ अंधारातला चौक.)

निवेदन:
लाईन नकोच, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ९ फेब्रुवारी २०२२ ची सकाळ आठवावी. पहाटेच्या धुक्यात लोणीकंद आणि चाकण भागातल्या ४०० केव्हीच्या लाईन ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला. पाण्याचे पंप थांबले, कारखाने थांबले. २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. तिथले टॉवर उभे राहतायत, आणि प्रत्येक फ्लॅटला एसी हवाच असतो. वीज कुठून तरी आणावीच लागणार. एसी लावणाऱ्यांनाही सोसायटीच्या गेटजवळ ट्रान्सफॉर्मर नको असतो, हेही इथंच सांगून टाकू.

(दृश्य: कागदावर आखलेली सरळ रेषा. तिच्यावर एकेक मनोरा उमटतो.)

निवेदन:
इंजिनिअरला सरळ रेषा आवडते, आणि त्याला कारण आहे. लाईन जिथं वळते तिथला मनोरा तारांचा तिरका ताण सोसतो, म्हणून तो जड असतो, त्याचा पाया मोठा असतो आणि खर्चही जास्त. एका घराला वळसा घालायचा म्हणजे असे निदान दोन-तीन मनोरे वाढतात. भूमिगत केबल टाकायची तर खर्च कित्येक पट. हा सगळा खर्च शेवटी वीजदरात येतो, म्हणजे तुमच्या-आमच्या बिलात.

आता हीच रेषा शेतकऱ्याच्या बाजूनं मोजू. ४०० केव्हीच्या लाईनखाली ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात, ७६५ केव्हीला ६७ मीटरपर्यंत. शंभर मीटर लांबीच्या शेतावरून ४०० केव्हीची लाईन गेली की ४,६०० चौरस मीटर त्या पट्ट्यात आले. गुंठ्यात सांगायचं तर पंचेचाळीस. एकरापेक्षा जास्त. त्यात कांदा होईल, बाजरी होईल. आंबा नाही, नारळ नाही, आणि घर तर नाहीच. पुण्याभोवती जमिनीचा भाव पिकावर ठरत नाही, तिथं पुढे काय बांधता येईल यावर ठरतो. त्यामुळे तारा वरून गेल्या की गिऱ्हाईक आधी मान वर करून बघतं आणि मग भाव पाडतं.

(दृश्य: मुळशीचा जलाशय.)

निवेदन:
विजेसाठी कुणी काय सोडायचं, हा वाद या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच झालाय. टाटांच्या वीज कंपनीला मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं होतं. वीज जाणार होती मुंबईला, गिरण्यांसाठी. जमीन जाणार होती मुळशी पेट्यातल्या ५२ गावांची. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे, म्हणजे या खोऱ्यातले शेतकरी, धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे बिरूद मिळालं ते याच लढ्यात.

पण मुळशीत सत्याग्रहाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट घडली, आणि ती फारशी सांगितली जात नाही. जमीन मावळे कसत होते. कागदावर मात्र त्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेली होती. वाढीव मोबदल्याची बोलणी सुरू झाली तशी ही मंडळी लढ्यातून बाजूला झाली. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न दराचा होता आणि दर सुधारला होता. कसणाऱ्यांचा प्रश्न जागेचा होता. १९२७ मध्ये भिरा वीजकेंद्र सुरू झालं.

(दृश्य: तलाठी कार्यालय. सातबाऱ्याचा उतारा.)

निवेदन:
आजचा मोबदलाही दराचीच भाषा बोलतो. दर सुधारलेत, हे मान्य करायलाच हवं. २०१५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये ते आकडे २०० आणि ३० टक्क्यांवर गेले. मात्र किमतीच्या हिशेबानं येणारा पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. वाट्यानं शेती करणारा, तारांखालून रोज जा-ये करणारी वस्ती, गायरानात शेळ्या नेणारा, यांचं नाव त्या कागदावर नसतं. मार्गाविषयी तर तिथं कुणालाच विचारलेलं नसतं.

(दृश्य: ग्रामसभा. भिंतीवर गावनकाशा.)

निवेदन:
विचारलं असतं तर काय मिळालं असतं? माहिती. उपग्रहाच्या चित्रात विहीर दिसते, पण धाकट्या भावाच्या घराचा पाया पुढच्या वर्षी कुठं खणायचा ठरलाय, ते दिसत नाही. कुठली पाइपलाइन सोसायटीचं कर्ज काढून नुकतीच टाकलीय, यात्रेचा कुस्त्यांचा फड कुठं भरतो, कोणता ओढा पावसाळ्यात पात्र सोडतो, हे गावाच्या डोक्यात असतं. लाईनचे पर्यायी मार्ग सर्वेक्षणात तपासले जातातच. ते दोन-तीन मार्ग गट नंबरांसह, मराठीत, ग्रामसभेत मांडायला कोणताही कायदा अडवत नाही. काही वळसे महाग पडतील आणि नाकारले जातील. पण प्रत्येक मनोऱ्यापाशी पोलीस बंदोबस्तात काम करणंही स्वस्त नसतं, आणि रखडलेल्या लाईनवर चढणारं व्याजही बिलातच येतं.

लोकांना यातलं काही कळत नाही, हे म्हणणं पुण्यात तरी टिकत नाही. वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावण्यांमध्ये इथल्या ग्राहक संघटना आणि अभ्यासक आकड्यांनिशी बोलतात. वॉर्डात कुठं दिवे हवेत, हे नागरिक २००६ च्या सुमारापासून महापालिकेला अंदाजपत्रकाच्या फॉर्मवर लिहून देतायत.

(दृश्य: मावळ. डोंगरांमधलं जुनं धरण.)

निवेदन:
पुढचं मोठं काम याच मावळात येऊ घातलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात करार झाला. शिरवटा इथं १,८०० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. एवढी वीज आणायला आणि न्यायला मोठ्या लाईन लागतात.

मावळातल्या ग्रामपंचायतींनी त्यासाठी मोजणीची वाट बघू नये. महापारेषणकडे माहिती अधिकारात आत्ताच अर्ज करावा. या प्रकल्पासाठी कोणत्या लाईन प्रस्तावित आहेत, मार्गाचे कोणते पर्याय तपासले, ते कोणत्या गावांतून जातात, आणि त्यातला कोणता कोणत्या कारणानं निवडला? उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे.