उपप्रश्नाला माईक द्या

मंडळी, विषय टीव्हीवरच्या निवडणूक चर्चांचा आणि त्यांच्या नियमांचा आहे. अमेरिकेपर्यंत जायचंय, पण आधी आपल्या खाडीतला गाळ सांगतो, कारण माझा राग तिथलाच आहे.

मागे एका निवडणुकीआधी एका स्थानिक केबल वाहिनीने उमेदवारांना समोरासमोर बसवलं होतं. सभागृह भरलेलं. प्रश्न दोन दिवस आधी लिहून द्यायचा, दिला तसाच वाचायचा, उपप्रश्न नाही, टाळ्या नाहीत. माझा प्रश्न साधा होता: खाडीच्या तोंडाचा गाळ कधी काढणार? ओहोटीला होड्या बाहेर नांगरून ठेवाव्या लागतात, मासळी उन्हात बसते, बर्फाचा खर्च वाढतो. इथे बसलेल्या किती घरांना हे सांगायला हवं? उमेदवार म्हणाले, "प्रस्ताव पाठवलेला आहे." मी तोंड उघडणार तोच स्वयंसेवकाने माईक काढून घेतला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या रापणकाराने बसल्या जागेवरून हाक मारली, "प्रस्ताव गेलो कधी? आणि गेलो खंय?" सगळ्या संध्याकाळीत खरा प्रश्न तेवढाच झाला. त्यालाच 'शिस्त पाळा' म्हणून गप्प केलं. मला ते आजही सहन होत नाही.

आणि बेशिस्त आपल्याला आवडते असं कोणी म्हणू नये. गाऱ्हाणं घालताना 'व्हय म्हाराजा' कुठे म्हणायचं ते आपल्या पोरांनाही कळतं. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद आयत्या वेळचे. राजा बोलला की राक्षसाला त्याच्याच शब्दाला धरून उत्तर द्यावं लागतं. पाठ केलेलं म्हणून गेला तर समोरची माणसं उठून चहाला जातात. आपल्या विधानसभेतही तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतो. तो काढून टाकला तर मंत्र्याने उत्तर वाचलं काय आणि टपालाने पाठवलं काय, सारखंच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली आहेत. अमेरिका भराभर सांगतो.

1960 साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन टीव्हीवर समोरासमोर आले. नंतर 1976 साली फोर्ड आणि कार्टर यांच्या पहिल्या चर्चेत आवाज गेला आणि 27 मिनिटं दोघे आपापल्या जागी गप्प उभे राहिले. एका देशाचा कारभार मागणारी दोन माणसं हाकेच्या अंतरावर, आणि एकमेकांशी बोलणं नाही! 1976 ते 1984 या चर्चा लीग ऑफ विमेन व्होटर्स ही महिला मतदारांची संस्था भरवत होती. 1988 साली दोन्ही पक्षांच्या प्रचारयंत्रणांनी आपसात अटी ठरवून तिच्यापुढे ठेवल्या. ही मतदारांची फसवणूक आहे असं जाहीर करून संस्था बाजूला झाली. मला त्या बायकांबद्दल फार आदर आहे. 2004 साली बुश आणि केरी यांच्या बाजूंनी 32 पानी करार केला: उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचा नाही, आणि प्रेक्षकाने आधी दिलेल्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारला तर त्याचा माईक बंद. हे वाचलं तेव्हा मला आमचं सभागृह आठवलं.

आता म्हणणं काय ते ऐका. वेळेचं बंधन हवंच. 2024 साली बायडेन आणि ट्रम्प यांच्या चर्चेत एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माईक बंद ठेवला होता, त्यालाही माझा विरोध नाही. दुसऱ्याचं बोलणं ऐकू येण्यासाठी केलेला नियम मला मान्य आहे. उत्तर चुकवता यावं म्हणून केलेला नियम मान्य नाही. तो ओळखायचा कसा? नियम कोणी लिहिला ते विचारा. उत्तर देणाऱ्यानेच लिहिला असेल तर उपप्रश्न त्यात आधी कापलेला असतो. पुढच्या वेळी आपल्याकडे अशी चर्चा ठरली तर नियम ठरवायला मच्छीमार सोसायटीची, बागायतदारांची, बचत गटांची माणसं बसवा. उमेदवारांना कागद आयता हातात द्या, आणि विचारणाऱ्याला एक उपप्रश्न द्याच.

वेळ संपली. माईक खाली पाठवतो आहे. माझ्या उत्तराने समाधान झालं नाही तर माईक परत देऊ नका, पुढचं विचारा.