पालखी कुठवर आली?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या रत्नागिरीकडे एक वाडी डोंगराच्या अंगाला, तर दुसरी पऱ्ह्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा ती कुठवर आली ते बघायला कोणी जात नाही. कान देतात. "सड्यावरनं उतरली गो, आरतीचं ताट घे," असं माझी आजी ओटीवरून सांगायची, ते निव्वळ ढोलावरून. पालखी वाटेने चालताना ठोका वेगळा, खांद्यावर नाचायला लागली की वेगळा. आणि खूण काढताना, म्हणजे पुरून ठेवलेला नारळ पालखी शोधते तेव्हा, ढोल असा चढतो की अंगावर काटा येतो.

हा आमचा खालू बाजा. ढोल, टिमकी, झांज आणि सनई. शिमगा असो, हळद असो की वरात, त्याच्याशिवाय पाऊल उचलत नाही. रात्रीच्या दवाने कातडं सैल पडतं, मग वाजवणारे पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, पेटवून टिमकी धगीवर धरतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा शेकतात. पहाटेपर्यंत हेच चालतं. सनईवाला आधी पाती तोंडात धरून ओली करतो. मग एकदा सूर लागला की गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, सूर तुटू देत नाही.

पण आणखी एक बोलायलाच हवं. गावोगावी हे वाजवणं विशिष्ट जातींवर लादलेलं होतं. बाबासाहेबांच्या चळवळीत, 1956च्या धर्मांतरानंतर तर फारच, अनेकांनी वाद्यं खाली ठेवली. ते योग्यच केलं. ज्याच्या ढोलावर अख्खा गाव नाचतो, त्यालाच मांडवाबाहेर बसवायचं, ही कसली रीत? लहानपणी एका लग्नात मी हे पाहिलंय. वरात दारात आणून सोडणारा म्हातारा सनईवाला शेवटची पंगत उठेपर्यंत माडाखाली ताटकळत होता. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्या वाडीत आता बिदागी आधी ठरते आणि बाजेवाले पहिल्या पंगतीला बसतात. गेल्या शिमग्यात टिमकीवर नववीतला एक पोर होता, कुठल्या घरचा ते कोणी विचारलं नाही. रात्रभर पातेरा त्यानेच गोळा केला. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसली तेव्हा त्याची बोटं काळी झाली होती आणि तो आणखी एकदा वाजवू का, म्हणून विचारत होता.