विरजण आहे का?

[सकाळ. पोह्यांच्या पातेल्यावर वाफ, वरून जीरावन मसाला भुरभुरतोय. कॅमेरा रामबागेतल्या जुन्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांकडे वळतो.]

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये अजून अशी घरं आहेत, की या घरात मिरचीची फोडणी पडली की त्या घरात शिंका येतात. मधे भिंत एकच. पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या अलीकडे मोजता येतात. कोणाची परीक्षा आहे, कोणाचा खोकला आठवडाभर हटत नाहीये, सगळं न विचारता कळतं.

मग बाकीचंही कळतच असणार.

[हात. परातीत मटार सोलले जातायत. चेहरा दिसत नाही.]

या काकूंचं नाव आम्ही सांगणार नाही, गल्लीही नाही. पलीकडच्या घरात सून आली तेव्हा काकू तिच्या स्वागताला उंबऱ्यात उभ्या होत्या. सहा महिन्यांतच भिंतीतून आवाज यायला लागले.

"तीन वर्षं मी टीव्ही मोठा करत होते," काकू सांगतात. "तिकडे सुरू झालं की इकडे रिमोट. ह्यांना म्हणायचे, भांड्याला भांडं लागायचंच."

आपल्या भाषेत या गोष्टीवर घालायला झाकणं भरपूर आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिल्या घरी सुखी राहा. घरोघरी मातीच्या चुली. गंमत अशी, की हे बोलणारी बहुतेक वेळा शत्रू नसते. आई असते, मावशी असते, आणि बोलताना तिचे डोळे भरलेले असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, उलट बोलली, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशी. यांपैकी एका तरी कारणासाठी नवऱ्यानं मारलं तर ते योग्य आहे, असं ४४ टक्के पुरुष म्हणाले. आणि बायका? ४५ टक्के.

मार खाल्लेल्या किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी कोणाकडे मदत मागितली नाही, आणि कोणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्यातल्या बहुतेक जणी आधी आपल्याच माणसांकडे जातात. पोलीस, वकील, डॉक्टर फार नंतर येतात. म्हणजे पहिली सुनावणी होते ती स्वयंपाकघरात. तिथे काय निकाल लागतो, यावर पुढचं बरंच ठरतं.

[रात्र. गल्लीतला दिवा. एका दारावर टकटक.]

काकूंनी एका रात्री टीव्ही बंद केला. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. "मूल रडत होतं," एवढंच म्हणतात. फडताळातून रिकामी वाटी घेतली आणि पलीकडची कडी वाजवली. सव्वाअकरा वाजले होते.

"अगं, विरजण आहे का? उद्या कढी करायची, आणि आमचं दही मांजरानं सांडलं."

घरात मांजर नाही. दही होतं, छोटं पातेलं भरून. दार उघडणारा नवरा म्हणाला, "काकू, या वेळी?" पण तो थांबला. सून आतून वाटी घेऊन आली, पदर कानापर्यंत ओढलेला. त्या रात्री पुन्हा आवाज आला नाही.

यात शौर्य काही नाही, आणि तेच महत्त्वाचं. काकूंनी जाब विचारला असता, "मारतोस का रे तिला?" असं त्याच्या तोंडावर म्हटलं असतं, तर त्या गेल्यावर दार लावून त्याचा हिशोब सुनेकडून वसूल झाला असता. "मी बोलते त्याच्याशी" हे वाक्य आपल्याकडे मदत समजलं जातं. ज्या घरात मारहाण आहे तिथे ते तिला न विचारता कधीच बोलू नये. आणि प्रकार हाताबाहेरचा वाटला, हत्यार दिसलं, तर वाटी नेऊ नये. ११२ ला फोन करावा.

दुसऱ्या दिवशी सून वाटी परत मागायला आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. काकूंनी विचारलं नाही की तू काय केलं होतंस. विचारलं, "आत्ता बरी आहेस का? मी काय करू, सांग."

[मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरतंय.]

काकूंच्या फोनमध्ये गजानन महाराजांचे फोटो आहेत, सुप्रभात आहे, नातवाचा शाळेतला नाच आहे. त्यांच्या मधोमध एक दंड आहे, निळा पडलेला. मग पुन्हा सुप्रभात. सुनेचा फोन नवरा रोज तपासायचा, म्हणून ती फोटो काकूंच्या फोनवर काढायची. आधार कार्डाची प्रत, बँकेचं पासबुक, लग्नपत्रिका, मुलाचा जन्मदाखला: हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, काकूंच्या कपाटात, महेश्वरी साड्यांच्या घडीखाली.

एक गोष्ट मात्र काकूंना आजही लागून राहिली आहे.

"एकदा आली ती घोगऱ्या आवाजात. गिळता येत नव्हतं. मी म्हटलं सर्दी झालीये. ज्येष्ठमध दिलं चघळायला."

गळा दाबला होता.

गळा दाबल्यावर कित्येकदा बाहेर वळसुद्धा उठत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास काही तासांनी, काही दिवसांनीही होऊ शकतो. आणि ज्या बाईचा गळा नवऱ्यानं एकदा धरला, तिचा पुढे खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असं अभ्यास सांगतात. थप्पड आणि हे एका मापात मोजायचं नाही. दवाखान्यात जायचं, आणि "पडले" न म्हणता "गळा दाबला" असंच सांगायचं, म्हणजे कागदावर तसं येतं.

[न्यायालयाबाहेरची गर्दी. टाइपरायटर, चहाचे ग्लास.]

पहिल्यांदा सून पोलीस ठाण्यात गेली तेव्हा तिला समजूत घालून परत पाठवलं. घरगुती मामला. इथे एक शब्द सांगायला हवा. महाराष्ट्रात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. आमच्या इंदूरच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला, म्हणजे ती परत नांदायला गेली. मराठी माणसाला ऐकताना वाटावं, की सुटली.

२६ ऑक्टोबर २००६ पासून घरगुती हिंसेविरुद्धचा वेगळा कायदा लागू आहे. त्यात हिंसा म्हणजे फक्त मार नाही. शिवीगाळ, लैंगिक बळजबरी, पगार काढून घेणं, घरखर्च न देणं, हेही त्यात आहे. बाईनं थेट पोलिसांतच गेलं पाहिजे असंही नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तो घटनेचा अहवाल करून दंडाधिकाऱ्यांकडे देतो. वन स्टॉप सेंटरमध्ये डॉक्टर, वकील, समुपदेशन आणि काही दिवस राहायची सोय एकाच छताखाली असते. १८१ वर फोन केला तरी रस्ता कळतो. कायद्यात लिहिलंय, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात किती लागतात, ते बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या कोणालाही विचारा.

सासू म्हणाली, घर माझ्या नावावर आहे, चालती हो.

हे वाक्य या शहरानं पूर्वीही ऐकलंय. १९७५ मध्ये इंदूरच्याच एका वकिलानं ४३ वर्षं संसार केलेल्या बायकोला घराबाहेर काढलं. तिचं नाव शाहबानो. तिनं महिना ५०० रुपये पोटगी मागितली; खालच्या न्यायालयानं २५ रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं तिच्या बाजूनं निकाल दिला. पुढे देशभर धर्मावरून वादंग झाला, आणि आमच्या घरांमध्येही तो "त्यांच्यातला प्रश्न" म्हणून चघळला गेला. पण मूळ गोष्ट साधी होती: साठी गाठलेली बाई, आणि तिला घर नव्हतं. आज सामाईक घरात राहण्याचा बाईचा हक्क कायद्यात आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं.

सुनेनं तो हक्क वापरला नाही. त्या भिंतींत तिला झोप लागली नसती. तिनं दुसरीकडे खोली मागितली. भाडं नवऱ्यानं द्यावं असा आदेश न्यायालय देऊ शकतं. अंतरिम आदेश झालाय. पैसे एका महिन्यात येतात, दोन महिने येत नाहीत. घर सोडण्याचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, म्हणून ती कोणत्या वारी निघणार हे फक्त काकूंना आणि भावाला माहीत होतं. भाऊ देवासहून गाडी घेऊन आला तेव्हा नवरा कामावर होता.

[संक्रांत. अंगणात रांगोळी. दार बंद.]

काकूंना पलीकडून आता हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. गल्लीत दोघी-तिघी म्हणतात, यांनीच घर मोडलं. काकू ते मनावर घेत नाहीत असं म्हणतात. मनावर घेतात, हे सोलताना दिसतं, दाणे परातीबाहेर उडतात.

मागच्या महिन्यात सुनेचा फोन आला. नव्या खोलीत दही लागत नाहीये म्हणाली, थंडी फार. काकूंनी स्टीलच्या डबीत विरजण भरलं, झाकणावर फडकं बांधलं, आणि नातवाला स्कूटरवर पाठवलं.